उकडलेल्या रताळ्याइतकं मऊ

मी नानांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते खिडकीच्या उजेडात उडदाचा पापड धरून त्याला पट्टी लावत होते. जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायला मी धुळ्याहून आले होते. पहिलाच दिवस होता. मला वाटलं, हा कुणी शिपाई असावा आणि डब्यातला पापड मोजून मगच खायची त्याला खोड असावी. खोड होती हे खरं निघालं, बाकी सगळं चुकलं. नाना आमच्या विभागाचे प्रयोगशाळा सहाय्यक होते.

"या मॅडम, बरं झालं आलात. हा ओला करून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला होता, फिरणारी थाळी काढून. जिथं फुगलाय तिथं लहर जोरात आहे. दोन फुगवट्यांत अंतर किती?"

मी मोजलं. सहा सेंटिमीटरच्या किंचित वर.

"दुप्पट करा. आता मशीनच्या पाठीवर छापलेल्या वारंवारतेच्या आकड्यानं गुणा."

मी गुणलं आणि खुर्चीत बसले. प्रकाशाचा वेग आला होता. एम.एस्सी.ला मला पदक मिळालेलं, तो आकडा मी शंभर वेळा लिहिलेला, पण पापडावर उमटलेला तो मी कधी पाहिला नव्हता. नानांनी पापड परत घेतला, दोन तुकडे केले आणि एक मला दिला. "आता खायला हरकत नाही," ते म्हणाले.

सत्तावन्न वर्षांचे, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि खिशात पेनाशेजारी एक दाभण. पोती शिवायचा असतो तसला, टोकाला बुचाचा तुकडा खोचलेला. तो कशासाठी, हे विचारायचं मला बरेच महिने सुचलं नाही, कारण नानांकडे विचारण्यासारख्या गोष्टी फार होत्या आणि प्रत्येकीला उत्तर लांबलचक असे. 'अंदाजे' या शब्दाचा त्यांना राग होता. एखाद्या पोरानं "सर, अंदाजे नऊ पॉइंट आठ" म्हटलं की ते विचारत, "तुझं नाव काय? अंदाजे सांग." पोरं मागं त्यांची नक्कल करत. सगळ्यांत जास्त नक्कल व्हायची ती त्यांच्या थांबण्याची. गॅल्व्हानोमीटरचा काटा थरथरत असताना कुणी आकडा लिहायला गेलं की नाना वहीवर पंजा ठेवत. "काटा थांबू दे. हलतोय तोवर तो खोटं बोलतोय." मीही हसत असे, खोटं कशाला बोलू?

पुढं कॉलेजनं जुनं सामान भंगारात काढलं, त्यात तो बटणं पिरगाळायचा जुना मायक्रोवेव्हही गेला. नानांनी तो भंगारवाल्याकडून सोडवून आणला, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळला आणि सायकल हातात धरून निघाले.

"काय नाना, घरी पापड भाजणार वाटतं?" मी चिडवलं.

"नाही मॅडम. डुक्कर शिजवणार."

ते हसले नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही. आमच्या घरी बोकड चालतो, कोंबडी चालते, खेकडासुद्धा चालतो, पण डुकराचं नाव जेवताना काढत नाहीत. मी नुसतं "हो का" म्हटलं. "रविवारी या, घड्याळ धरायला कुणी तरी लागतं," असं म्हणून ते गेले. मी रविवारी गेले. का गेले, तर पापडामुळे गेले. ज्या माणसानं पापडावर प्रकाश मोजला तो डुकरावर काय मोजणार, हे बघायची मला उत्सुकता होती. नाकाला लावायला रुमाल मात्र पर्समध्ये धुतलेला, घडी घातलेला ठेवला होता.

नानांचा मायक्रोवेव्ह घरात नव्हता, गच्चीच्या जिन्याखाली होता. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, अट साफ होती: "माझ्या गॅसवर नाही, माझ्या भांड्यात नाही, माझ्या कुकरात तर नाहीच नाही." आमच्याकडे कितीतरी घरांत मटणाची चूल अंगणात वेगळी असते, पुरुषांनीच पेटवायची, भांडीही बाहेरची. नानांनी ती चूल जिन्याखाली नेली, इतकंच. तिथं एक काचेचं खोल भांडं, तराजूची पितळी वजनं आणि एक कोरी उरलेली प्रॅक्टिकलची वही होती. वहीत त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: 'उद्देश – डुकराचं कातडं उकडलेल्या रताळ्याइतकं मऊ करणे.'

"रताळ्याइतकं का?" मी विचारलं.

"अक्काच्या हिरड्यांना रताळ्यापर्यंत जमतं. पुढं नाही."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी. आई नाना रांगत असतानाच गेली. अक्काचं सासर त्याच गल्लीत होतं, तिनं भावाला कडेवर घेतलं ते नोकरी लागेपर्यंत खाली ठेवलं नाही. ती डुकरं पाळायची. "आमची जात लोक विचारायचे नाहीत, डुकरं बघून समजायचे," नाना अगदी कोरडेपणानं सांगत. त्यांच्या मॅट्रिकच्या फॉर्मपायी एक डुकरीण गेली, कॉलेजच्या कपड्यांपायी दुसरी. वर्षातून दोन-चारदा घरात डुक्कर शिजे. तेव्हा अक्का ताटलीतलं लुसलुशीत मांस नानांच्या पुढं सारी आणि स्वतः कातडं चावत बसे, जबडा दुखेपर्यंत. "तू मास खाय, धाकल्या. माले कातडं आवडस." लहानपणची अक्का आठवली की नानांना आधी तिचा चावणारा जबडा आठवे.

आता अक्का अमळनेरला मुलाकडे होती. मुलगा एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन त्यानं गावाबाहेर नव्या कॉलनीत घर बांधलेलं. त्या घरात डुक्कर बंद होतं. शेजारी काय म्हणतील, ही एक गोष्ट, आणि शेजाऱ्यांना काहीच माहीत नाही, ही दुसरी. अक्काचे दात कधीच गेले होते, कवळी तिला टोचायची. दिवाळीनंतर ती आजारी पडली, मऊ भातावर आली, तीन-चार घासांत हात धुवायला लागली. नाना भेटायला गेले तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "एकदाव आपलं मटन खावानं व्हतं." ते ऐकून नाना घरी आले आणि त्यांनी वही काढली.

मी म्हटलं, "अहो, पण कुकर आहे की!" नानांनी मोजून तीन कारणं दिली. कुकरच्या शिट्ट्या अमळनेरची अख्खी कॉलनी मोजते. कुकरात मांसाचे दोरे होतात आणि कातडं डिंकासारखं टाळूला चिकटतं, हिरड्यांना ते सोडवता येत नाही. तिसरं त्यांनी जरा थांबून सांगितलं, की बायकोकडे तिचा कुकर या कामाला मागायचा आणि तिनं नाही म्हणायचं, हे अक्काच्या कानावर जायला नको.

मग त्यांनी दाभण काढला. तो एका काचेच्या नळीत उभा सोडायचा, खाली शिजलेला तुकडा, वर बुचावर बाटलीचं झाकण चिकटवलेलं, आणि झाकणात एकेक वजन ठेवत जायचं. ज्या वजनाला दाभण आपसूक आत जाईल, तो त्या तुकड्याचा मऊपणा. उकडलेलं रताळं पन्नास ग्रॅमला हार मानत होतं. त्या रविवारच्या कातड्यानं सहाशे ग्रॅम घेतले आणि वर दाभण वाकवला. मी पर्समधला रुमाल काढायला विसरले होते, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिथून पुढं किती रविवार गेले ते वहीत आहेत. सकाळच्या गाडीनं नाना भुसावळला जात, तिथल्या एका दुकानातून पोटाकडचा भाग कातड्यासकट आणत, मीठ-हळद चोळून ठेवत. पहिल्या वेळी पूर्ण शक्तीवर लावलं तर चरबी फटाफट उडाली, मायक्रोवेव्हचं दार आपोआप उघडलं आणि कातडं चपलेच्या तळासारखं निघालं. कच्ची पपई लावून पाहिली, तर मांसाचं पिठलं झालं आणि कातडं जसंच्या तसं. दही झालं, चिंच झाली. पुन्हा पापड आणून त्यांनी मायक्रोवेव्हच्या आतला नकाशा काढला, कुठं लहर जोरात आहे आणि कुठं मेलेली, आणि तुकडे त्या हिशेबानं गोल मांडले, मध्यभाग रिकामा, कातडं खाली पाण्यात. काकू वरून ओरडत, "माझे वर्षाचे पापड संपले हो!"

मार्ग सापडला तो मात्र गॅल्व्हानोमीटरच्या काट्यातून. आधी एक उकळी आणायची आणि मग शक्ती अगदी कमी करायची. तशी कमी केली की ते मशीन जरा वेळ गुणगुणतं, मग गप्प होतं, पुन्हा गुणगुणतं. माझ्यासारखी बाई म्हणेल की गुणगुणतंय तेव्हा शिजतंय. नाना डोळे मिटून ऐकत बसत, आणि गुणगुण थांबली की बोट वर करत.

"आता शिजतंय."

"बंद असताना?"

"चालू असताना नुसतं तापतं. उष्णता आत शिरते ती गप्प बसल्यावर. माणसं तेवढं थांबत नाहीत, दार उघडून बघतात, आणि मग म्हणतात, मायक्रोवेव्हमध्ये मटण वातड होतं."

दीड तास मंद आणि वर वीस मिनिटं बंद दाराआड. तेवढा सगळा वेळ नाना स्टुलावर बसलेले, मी घड्याळ धरून जिन्याच्या पायरीवर. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण एका म्हातारीच्या हिरड्यांसाठी इतक्या काटेकोरपणे वाट बघणारा माणूस पाहिला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटे. माझ्यासाठी कुणी असं बसेल का, हा विचार मनात येई आणि मी तो घाईनं झटकत असे.

एका रविवारी दाभण पंचेचाळीसला आत गेला. मी टाळ्या वाजवल्या. नानांनी आकडा लिहिला आणि म्हणाले, "पुन्हा करू. एकदा आलेलं उत्तर, उत्तर नव्हे." आणखी चार रविवार गेले. चारही वेळा पन्नासच्या आत. तेवढ्यात अमळनेरहून फोन आला, की अक्का आता भातालाही नको म्हणते.

शिजवून डब्यात नेता आलं असतं. मी तसं सुचवलं, तर नाना पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "अक्कानं जन्मभर सगळ्यांच्या मागून, गार खाल्लंय. हे ती सगळ्यांच्या आधी आणि गरम खाईल." म्हणून रविवारी सकाळी आम्ही मायक्रोवेव्ह घेऊनच एसटीत चढलो. कंडक्टरनं खोक्यावर टिचकी मारली. "यामा काय शे, नाना?"

"चूल," नाना म्हणाले. कंडक्टरनं चुलीचं लगेज फाडलं.

अक्का मी मनात रंगवली होती त्याच्या अर्धीच निघाली. खाटेवर बसलेली, गाल आत गेलेले, डोळे मात्र टक्क उघडे. ती मायक्रोवेव्हकडे बघत राहिली. "यामा इस्तो कथा शे रे, धाकल्या?" विस्तव कुठं आहे, असं ती विचारत होती.

"इस्तो नई, अक्का. लाइटवर चालस."

तिचा मुलगा, दादा, चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले आणि स्वतः फाटकाशी जाऊन उभे राहिले, पहाऱ्यावर असल्यासारखे. आत नानांनी भांडं मांडलं आणि सवयीप्रमाणे मीटर काढून विजेचा दाब मोजला. त्यांचा चेहरा उतरला. कॉलनी लाइनीच्या अगदी टोकाला, दाब दोनशे तीस व्होल्ट हवा, तिथं कसाबसा एकशे सत्तर.

"मॅडम, आपली वही गेली," ते हळूच म्हणाले. "हे सगळे आकडे जळगावच्या विजेचे आहेत."

इतक्या रविवारांत हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्या पदकाच्याही नाही. आता करायचा तो अंदाजच. नानांनी मशीनला कान लावला. गुणगुण बारीक होती. ते एक मिनिट, दोन मिनिटं ऐकत राहिले, मग बटण जरा पुढं सरकवलं, पुन्हा ऐकलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. असा तासभर गेला असेल, आणि वीज गेली.

दुपारी वीज गेली की कॉलनीत सगळे बाहेर येतात, तसे आले. फाटकाशी शेजारची बाई दादांना विचारत होती, "आज काय बेत? वास भारी येऊन राहिलाय." दादांचं उत्तर ऐकू आलं नाही. ते आत आले, घामाघूम. "मामा, उघडून पाहा ना, शिजलं असेल तर आटपून घेऊ."

"दाराला हात लावायचा नाही," नाना म्हणाले.

पन्नास मिनिटं आम्ही त्या बंद खोक्यासमोर बसलो होतो. अक्काही खाटेवरून उतरून खुर्चीत येऊन बसली, पदर सावरून, कुणी पाहुणा यायचा असल्यासारखी. नानांनी नुसता तळवा मशीनच्या पाठीवर ठेवला होता. वीज आली, पंचवीस मिनिटं आणखी लावलं, मग बंद करून वीस मिनिटं पुन्हा वाट. दार उघडलं. नानांनी नळी लावली, दाभण सोडला, झाकणात पहिलं वीस ग्रॅमचं वजन ठेवलं, मग दहाचं. दाभण आत गेला.

तीस. इतकं मऊ ते जळगावात कधीच झालं नव्हतं. त्या पन्नास मिनिटांच्या अंधारानं ते केलं होतं, आणि नानांनी दार उघडलं नाही म्हणून झालं होतं. मला रडू यायला लागलं, तर मी उगाच पितळी वजनं पुसत बसले.

नानांनी वाटीत फक्त कातडं घेतलं, चांगले मोठे तीन तुकडे, वर रस. मांस भांड्यातच राहिलं. अक्कानं एक तुकडा तोंडात टाकला. जबडा एकदा हलला, दोनदा, मग तिनं गिळला आणि दुसरा उचलला. तो संपल्यावर ती भावाकडे बघत राहिली.

"बरं शे का, अक्का?"

"आवडनं," अक्का म्हणाली. "आज पयल्यांदाच आवडनं."

नाना हसत होते, ते हसणं तसंच राहिलं. "पयल्यांदा? मंग इतला वरीस काबरं खात व्हती?"

"तू धाकला व्हता." तिनं बोट चाटलं. "मास कितलंसं ऱ्हाये?"

तिनं तिसरा तुकडाही खाल्ला, वाटीतला रस प्यायली आणि वाटी पुढं केली. "आते मास दे माले. आनि या पोरले बी दे, उपाशी दिसी ऱ्हायनी." पोर म्हणजे मी. मी खाल्लं. रुमाल जळगावलाच राहिला होता. दादा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. ते आत आले, त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतःची ताटली घेऊन आईशेजारी खाली बसले.

परतीच्या एसटीत नाना एक शब्द बोलले नाहीत. मांडीवर मायक्रोवेव्ह, त्यावर दोन्ही हात. मीही बोलले नाही, काटा थांबू द्यावा म्हणून.

अक्का त्यानंतर वर्षभर जगली आणि मला वाटतं नानांनी त्या वर्षात अमळनेरचा एकही रविवार चुकवला नाही. निवृत्त होताना ती वही त्यांनी मला दिली. तिच्यात सगळे आकडे आहेत, पपईचा फसलेला प्रयोग आहे, एका पानावर रश्श्याचा डाग आहे. शेवटच्या प्रयोगाखाली 'अनुमान' या मथळ्यापुढं त्यांनी दोनच वाक्यं लिहिली आहेत, आणि अक्षर पहिल्यांदाच जरा हललेलं आहे.

'उद्देश चुकला होता. उत्तर बरोबर आलं.'